माझ्या नावाची मूठ

क्षयाच्या गोळ्या चालू असलेलं कोणी हे वाचत असेल, तर शेवट आधीच सांगून टाकतो. मी बरा झालो. माझी मुलगीही बरी झाली. तेव्हा धास्ती न घेता वाचा. मी लिहितोय ते बरं झाल्याचा आनंद सांगायला नाही. बरं होता होता मी जे वागलो, ते कोणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. स्वतःच्या तोंडाने हे सांगणं मला सोपं गेलेलं नाही.

रुमालाखाली

मी बैलांचा दलाल. राहायला जळगावला, पण आठवडाभर या बाजारातून त्या बाजारात. आमच्या धंद्यात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून दाबायची. किती बोटं, कोणतं पेर, यावरून भाव कळतो. भोवती गर्दी असते, पण रुमालाखाली काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. मी हे कोणाकडे शिकलो नाही. हमाली करता करता बघून उचललं. पुढे पुढे समोरच्याचं बोट थरथरलं की त्याची गरज किती ते मला कळायचं.

अशाच एका सौद्यात मला खोकला आला. समोर यावलकडचा एक केळीवाला शेतकरी होता, जोडी त्याच्या मनात भरली होती, सौदा पटायला एकच बोट बाकी होतं. मी तोंडाला रुमाल लावला आणि परत हातांवर टाकला. शेतकऱ्याने रुमालाकडे पाहिलं. लाल डाग पसरत होता. त्याने हात असा काढून घेतला, जसा चटका बसावा.

"भाऊ, आधी दवाखान्यात जा," तो म्हणाला आणि निघून गेला. जोडी तशीच राहिली.

बाजाराला संध्याकाळपर्यंत कळलं. माझ्यासोबत एका कपात चहा ओतून घेणारे लोक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझा पी तू आधी."

डॉक्टरणीचा भाव

छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं, "क्षय आहे. औषधाने बरा होतो. पण दीड वर्ष. बरं वाटलं तरी दीड वर्ष. मध्ये सोडायचं नाही."

इथे माझी चूक सुरू झाली. ती अडाण्याची नव्हती, हुशार माणसाची होती.

माझं आयुष्य एका गोष्टीवर उभं राहिलं: समोरचा जे मागतो ते त्याला खरं नको असतं. शंभर मागणारा सत्तरला देतो. डॉक्टरीणबाई दीड वर्ष म्हणाल्या तेव्हाच मी मनात त्यांचा आकडा तोडून ठेवला. लोक औषध बुडवतात हे त्यांना माहीत, म्हणून त्या वाढवून सांगतात. समजणाऱ्याने समजून घ्यावं. मी मान डोलावली. सौदा पटला असं त्यांना वाटलं असणार.

सुरुवातीला रोज सुई आणि मूठभर गोळ्या. लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी घाबरून मी मोरीतून ओरडलो होतो. मग भूक लागायला लागली. अंग भरलं. खोकला गेला. मी आरशात पाहिलं आणि औषध बंद केलं.

बायकोला, सुमनला, सांगितलं, "बाईंनी बंद करायला सांगितलं."

"इतक्या लवकर?"

"त्यांना जास्त कळतं की तुला?"

दवाखान्याचा एक माणूस चौकशीला घरी आला. मी त्याला ओट्यावरूनच परतवलं. शेजारणी दारात येऊन बघत होत्या, म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "पत्ता चुकला तुमचा. इथे कोणी आजारी नाही." तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा आला नाही. तो गेला तेव्हा मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

मी देव का मानत नव्हतो

हे आजाराशी संबंध नसलेलं वाटेल, पण आहे.

माझं नाव भिका. माझ्या लगेच आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने कानबाईपुढे पदर पसरून मला भीक म्हणून मागून घेतलं. असा नवसाचा माणूस मी. पण जळगावच्या सगळ्या बाजारात माहीत होतं की भिकाभाऊ देव मानत नाही. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना मी म्हणायचो, "तुमच्या देवाला म्हणा, समोर येऊन रुमालाखाली हात घाल. मग बघू."

लोक हसायचे. मलाही ते आवडायचं.

कारण विचाराल तर एकच. आई तापाने फणफणली होती, पोट फुगलं होतं. धुळ्याचा मोठा दवाखाना गाडीने गाठण्याजोगा होता. माझा थोरला भाऊ, नाना, तिला आधी भगताकडे घेऊन गेला. दोरा, अंगारा, नवस. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. मी जळगावला पोती वाहत होतो. निरोप मिळून पोचलो तेव्हा फक्त खांदा द्यायचं उरलं होतं.

खानदेशात कानबाईचं व्रत असतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी बसवतात आणि भाऊबंद जिथे असतील तिथून घरी येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्या गव्हाच्या जाड पोळ्या करायच्या. त्याला रोट म्हणतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आई गेली त्या वर्षी मी नानाला सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या नावाची मूठ टाकायची नाही. माझा ना तुझ्या देवीशी संबंध, ना तुझ्याशी."

त्यानंतर मी गावच्या घरात पाऊल टाकलं नाही. बहिणीच्या लग्नात मांडवाच्या बाहेर उभा राहून आलो.

शोभाची गाठ

औषध सोडून वर्ष झालं नसेल, खोकला परत आला. मी तो विडीवर ढकलला. मग एके दिवशी सुमन माझ्या मुलीच्या, शोभाच्या, वेण्या घालत होती. तिचा हात थांबला.

"अहो, इकडे या. हे बघा."

मानेला डाव्या बाजूला गाठ होती, बोरासारखी. दुखत नव्हती. शोभा म्हणाली, "हात नका लावू ना, गुदगुल्या होतात."

त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी शोभाची मान तपासली, मग माझ्याकडे पाहिलं. माझा जुना फोटो मागवला.   

"घरात कोणाला तरी असल्याशिवाय एवढ्याशा मुलीला होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी सोडलं?"

सुमन बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, शोभाच्या फ्रॉकची वळलेली कॉलर सरळ केली. त्या दिवसानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडण मला येतं.

शोभाला घरी गोळ्या सुरू झाल्या. माझी अवस्था वाईट होती, मला वॉर्डात घेतलं. या वेळी औषधं कडक. कानात दिवसभर भुंगा घुमायचा.

वामनराव

शेजारच्या खाटेवर वामनराव होते, भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. बारीक अंगाचे, रोज दाढी करणारे. वॉर्डात कोणाचे नातेवाईक अंगारा, प्रसाद घेऊन आले की सगळ्या खाटांवर वाटायचे. वामनराव हात जोडून प्रसाद घ्यायचे आणि शेजारच्याला देऊन टाकायचे. अंगाऱ्याला मात्र नम्रपणे नाही म्हणायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मी देव मानत नाही."

मला माझा माणूस भेटला असं वाटलं. मी त्यांना आईची गोष्ट सांगितली, नानाची, भगताची. देवाला यथेच्छ शिव्या घातल्या. खोकला येईपर्यंत बोलत होतो. मग विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

"म्हणजे?"

"कशावरून सोडलं तुम्ही त्याला?"

ते हसले. "कोणी गेलं नाही हो. म्हणजे गेले, सगळ्यांचे जातात तसे. मी लहानपणापासून शोधला, मला काही सापडला नाही. माझी मंडळी रोज पूजा करायची, मी तिला फुलं आणून द्यायचो. माझं काही भांडण नाही त्याच्याशी."

"माझं आहे."

"ते दिसतंच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "रागावू नका भिकाभाऊ, पण नसलेल्या माणसाशी कोणी इतकी वर्षं अबोला धरतं का? मला वाटतं तुम्ही दुकानातून उठून आलाय आणि मागून हाक येते का, ते ऐकताय."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

कारण ते खरं होतं, आणि माझ्याच धंद्यातलं होतं. भाव पटत नसेल तर उठून चालायला लागायचं, पण पावलं हळू टाकायची. समोरचा हाक मारतो. हे मी हजार वेळा केलंय. मी नास्तिक नव्हतो. रुसलेलं गिऱ्हाईक होतो. ज्याला मी मानत नाही म्हणायचो त्याने एकदा यावं आणि आईबद्दल माझी माफी मागावी, एवढीच माझी अट होती.

आजही मी देव मानत नाही. पण त्या खाटेवर पडल्यापडल्या मला पहिल्यांदा कळलं की न मानणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. ते वामनरावांकडे होतं, आणि त्यात शिवी नव्हती.

नाना आला

सुमनने मला न विचारता गावी कळवलं होतं. कानबाई जवळ आली होती, शेतात निंदणी चालू, तरी नाना आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, हातात डबा. मी त्याला कित्येक वर्षांनी बघत होतो. आईसारखा दिसायला लागला होता.

तो खाटेजवळ उभा राहिला. "कसं शे आते?"

"जिवंत शे," मी म्हणालो. त्याला बघताच माझ्या तोंडात गावाकडची अहिराणी बोली आली, याचाही मला राग आला.

"कानबाई येई राहिनी. तुन्या नावनी मूठ दरसाल टाकतस आम्ही. औंदा पण टाकसूत." दरवर्षी ते माझ्या नावाची मूठ टाकत होते. मी नको म्हटल्यावरही.

मी उठून बसलो. सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात ओरडलो. "कोणी सांगितलं होतं? आई मेली आणि माझ्या नावाची मूठ कसली टाकतोस? तुझ्या भगताने मारली तिला! दवाखाना दारात होता आणि तू दोरे बांधत बसलास!"

नर्स धावत आली. वामनरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. नाना हलला नाही. त्याने डबा स्टुलावर ठेवला. मला वाटलं तो रडेल, किंवा उलट शिवी देईल. दोन्हीची माझी तयारी होती. इतक्या वर्षांत दोन्हींची उत्तरं मी शंभर वेळा घोकली होती.

तो म्हणाला, "हां. मनंच चुकनं. माय मन्यामुळे मरनी."

चूक त्याची, आई त्याच्यामुळे गेली, हे तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"पण भिका," तो हळू म्हणाला, "तुले तं सगळं समजस. दवाखाना समजस, डॉक्टर समजस. तू तरी दवा पुरी लिधी का?"

 मी औषध पूर्ण घेतलं नव्हतं हे त्याला सुमनने सांगितलेलं होतंच. तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता, जसा शेतकरी शेजाऱ्याला विचारतो की पाणी दिलं होतं ना, मग पीक का गेलं.

त्याने देवावर विश्वास ठेवून आईला उशीर केला. मी कोणावरच विश्वास न ठेवून मुलीला आजार दिला. इतकी वर्षं मला वाटायचं, आम्ही दोघं दोन टोकांचे. त्या दिवशी कळलं, दवाखान्याचं न ऐकण्यात आम्ही सख्खे भाऊ आहोत. फरक एवढाच की त्याने ते कबूल केलं.

डब्यात भाकरी आणि ठेचा होता. तो गेल्यावर मी खाल्लं. तो समोर असताना हात लावला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

अर्धीच

घरी सोडलं तेव्हा शोभाचा गोळ्यांवरून रोज तमाशा चालू होता. गोळी मोठी, चव कडू. गाठ बरीच बसली होती. पोर माझीच.

"अर्धी घेते."

"पूर्ण घ्यायची."

"बरं, आज अर्धी, उद्या पूर्ण. गाठ तर गेलीच आहे ना!"

सुमन स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर ओरडणं आलं होतं, हातही उचलला होता. मग त्या हाताचं काय करायचं ते कळेना. मी खाली बसलो.

"शोभा, तुझ्या मानेला गाठ का आली माहीत आहे?"

"जंतू."

"कोणाचे?"

तिला माहीत नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सुमननेही नाही, माझी लाज राखली होती तिने. मी सांगितलं. मला औषध दिलं होतं, ते मी अर्ध्यात सोडलं, सगळ्यांना खोटं सांगितलं, आणि माझ्या खोकल्यातून ते तुला आलं. बाजारात मी कधी कोणाला बैलाची खोड आपणहून सांगितलेली नाही. स्वतःची खोड मात्र पोरीला सांगून टाकली.

ती रडली नाही. म्हणाली, "मग आता तुम्ही पूर्ण घेता का?"

"घेतो."

"आई, हे घेतात का?"

आतून सुमन म्हणाली, "मी बघितलं नाही."

"मग आप्पा, रोज माझ्यासमोर घ्यायच्या. तोंड उघडून दाखवायचं."

त्या दिवसापासून आम्ही बापलेक सकाळी उपाशीपोटी मोरीच्या उंबऱ्यावर बसून गोळ्या घ्यायचो. आधी मी, मग ती. मी तोंड उघडायचो, जीभ वर करायचो, ती वाकून बघायची. पाव्हणे आले तरी सूट नव्हती. एकदा बाजारातला एक ओळखीचा दारात उभा होता, त्याच्यासमोर मला जीभ दाखवावी लागली. मी दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला शेवटचा दिवस येईपर्यंत एकही गोळी चुकली नाही. दोघांचीही.

मूठ

औषध संपल्यानंतरच्या श्रावणात आम्ही तिघं गावी गेलो. एसटीतून उतरल्यावर पाय घराकडे वळेनात. सुमन म्हणाली, "इथपर्यंत आलात, आता काय?" पहिल्यांदा तिच्या आवाजात जुनी सुमन होती.

ओट्यावर नाना गव्हाचं पोतं उघडून बसला होता. एकेक नाव घेत होता, मूठ भरत होता, सुपात टाकत होता. मला पाहिलं. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. सरकून जागा केली.

"आते मानस का देवले?" त्याने विचारलं.

"नही."

"बरं." त्याने पोत्यात हात घातला. "भिकानी मूठ..."

मी त्याचा हात धरला. "नाना, माझी नको. शोभाच्या नावाची टाक."

तो थांबला. आमच्यात मूठ पुरुषांच्या नावाची असते. पोरीच्या नावाची कोणी टाकत नाही. ओट्यावर भाऊबंद बसले होते. त्यांतला एक आबा म्हणाला, "असं कधी व्हयनं नही भो."

नानाच्या चेहऱ्यावर खरी अडचण दिसत होती. ज्या देवीला तो मानतो तिच्या रीतीत मी हात घालत होतो, आणि मानत तर मी नव्हतोच. मला सगळ्यांसमोर वाद घालायचा नव्हता. पूर्वी घातला होता. काय करावं सुचेना, तेव्हा हात आपोआप जे करतो ते केलं. खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली नानाचं एक बोट धरून दाबलं. एक मूठ. माझ्या बदल्यात तिची.

नाना शेतकरी. बैल घेताना, विकताना त्यालाही ही बोली कळते. तो रुमालाकडे बघत राहिला. त्याचा हात गव्हाने खरखरीत झाला होता. मग रुमालाखाली त्याने माझी बोटं धरली आणि दाबली. दोन.

रुमाल बाजूला झाला. त्याने मोठ्याने माझं नाव घेतलं आणि मूठ टाकली. मग तेवढ्याच मोठ्याने शोभाचं नाव घेतलं. 

इतकी वर्षं धंदा केला, पण मागितल्यापेक्षा जास्त देणारा मला कधी भेटला नव्हता.  मी सूप पुढ्यात ओढलं, मान खाली घातली आणि खडे निवडत बसलो.